प्रवचनात न येणारं वाचन

धर्मगुरूला वाचनाची सक्ती असते, हे चर्चबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. रोजची मिस्सा म्हणजे रोजची वाचनं आलीच. त्याखेरीज ब्रीव्हिअरीतली स्तोत्रं आणि उतारे दिवसाच्या ठरल्या प्रहरी वाचायचे, हेही त्याच्या व्रतात येतं. रविवारी पहिलं वाचन बहुधा जुन्या करारातलं, मग प्रतिसाद स्तोत्र, दुसरं वाचन आणि शेवटी शुभवर्तमान. १९६९ साली नवा वाचनग्रंथ आला तेव्हापासून रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं झालं. म्हणजे वेदीवर उभं राहून दहाबारा वर्षं काढलेल्या धर्मगुरूने हे उतारे तीनचार वेळा तरी लोकांसमोर उलगडलेले असतात. अशा माणसाला वाचनाबद्दल आणखी काय सांगायचं, असं कुणालाही वाटेल. मी स्वतः याच कामात आहे आणि माझं मत वेगळं झालं आहे. आमचं बहुतेक वाचन प्रवचनाच्या दावणीला बांधलेलं असतं. त्यामुळे ते आमच्यावर फारसं काम करत नाही, उलट आमच्या पेशाचा जुना रोग बळावतो. तो रोग म्हणजे तयार उत्तर. लोक आपलं दुःख, अपराध किंवा घरातलं भांडण घेऊन येतात तेव्हा आमच्या हातून जे थोडंफार भलं होतं, ते उत्तर थोपवून धरता आलं तरच होतं. ही ताकद अंगी येते ती प्रवचनात कधीच न उतरणाऱ्या वाचनातून.

रोग जडतो कसा ते पाहण्यासारखं आहे. शनिवारचे दफनविधी, लग्नाचे कागद, शाळेची मीटिंग, सणाच्या वर्गणीचा हिशेब हे सगळं उरकून संध्याकाळी धर्मगुरू उद्याचं शुभवर्तमान उघडतो. त्या वेळी डोक्यात एकच प्रश्न असतो: यातून लोकांना काय सांगायचं? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला येतो तिथेच बिघडतं. उतारा पुरता वाचून होण्याआधी त्याला कामाला जुंपलेलं असतं. मग तीन मुद्दे निघतात (आमच्या प्रवचनांना मुद्दे तीनच का, हे एक गूढच आहे), त्यांना एक दृष्टांत लागतो, तो एखाद्या संग्रहात किंवा हल्ली फोनवर सापडतो, आणि दहा मिनिटांची बेगमी होते. तीन वर्षांनी तोच उतारा आला की जुनी फाईल आहेच. मधल्या काळात धर्मग्रामातली एक वाडी जाऊन तिथे सात मजली इमारत उभी राहिलेली असते, तिच्यातली निम्मी कुटुंबं कुठून आली हे कुणाला माहीत नसतं, पण फाईलमधला दृष्टांत मात्र जसाच्या तसा असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली शुभवर्तमानाच्या आनंदावर जे दीर्घ पत्र लिहिलं, त्यात प्रवचनाच्या तयारीवर बरीच पानं खर्च केली आहेत. उतारा वाचताना तो इतरांना काय सांगतो याचाच विचार करायचा आणि आपल्याला काय सांगतो हे टाळायचं, या मोहाबद्दल तिथे स्पष्ट इशारा आहे. पोपना हे लिहावंसं वाटलं, म्हणजे ही काही केवळ आमच्याकडचीच तऱ्हा नव्हे.

माझा सगळ्यात मोठा पुरावा बायबलमधलाच आहे, ईयोबाचा ग्रंथ. बेचाळीस अध्यायांचं हे पुस्तक रविवारच्या तीन वर्षांच्या चक्रात सामान्य काळात दोनदा भेटतं, दोन्ही वेळा दुसऱ्या वर्षी, आणि दोन्ही वेळा काही ओळींपुरतंच. पाचव्या रविवारी सातव्या अध्यायातला तुकडा येतो. माणसाचं जिणं म्हणजे वेठ, सावलीची वाट पाहणाऱ्या आणि मजुरीकडे डोळे लावून बसलेल्या गड्यासारखं, अशी ईयोबाची तक्रार त्यात आहे. त्यानंतर पाचसात मिनिटांत शुभवर्तमानात येशू पेत्राच्या सासूचा ताप उतरवतो. वाचनांची जोडणी करणाऱ्यांना कदाचित ईयोबाचं दुःख ऐकवायचं असेल, पण प्रवचन करणाऱ्याच्या हाती त्यातून आयती शिडी लागते: तिकडे निराशा, इकडे येशू, प्रश्न मिटला. बाराव्या रविवारी वादळातून बोलणाऱ्या देवाच्या चार ओळी येतात आणि जोडीला येशू समुद्रावरचं वादळ शांत करतो. पुन्हा प्रश्न मिटला. ज्याने ईयोब फक्त रविवारपुरता वाचला, त्याचा समज असा होतो की हे सोसणाऱ्या सज्जनाचं पुस्तक आहे आणि शेवटी सगळं ठीक होतं.

पुस्तक सबंध वाचलं की वेगळंच काही हाताला लागतं. ईयोबाचे तीन मित्र सांत्वनाला येतात, त्याला पाहून ओळखत नाहीत, मोठ्याने रडतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. तिथवर ते उत्तम सांत्वनकर्ते आहेत. मग ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते मित्रांना सहन होत नाही आणि ते बोलू लागतात. त्यानंतरचे कितीतरी अध्याय म्हणजे त्यांची प्रवचनं. ती प्रवचनं वाईट नाहीत. देव न्यायी आहे, तो उगीच शिक्षा करत नाही, त्याच्या ताडनाचा अव्हेर करू नये, त्याच्याकडे वळलास तर तो तुला सावरेल, हे सगळं धर्मशिक्षणाच्या वर्गात चालून जाईल असंच आहे. आणि शेवटी देव बोलतो तेव्हा कोपतो कुणावर, तर या तिघांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे देवाची बाजू घेणाऱ्यांना देवाने नापास केलं, देवाशी भांडणाऱ्याला पास केलं, आणि वर ईयोबानेच या मित्रांसाठी प्रार्थना करावी असं फर्मावलं. धर्मगुरूच्या दृष्टीने बायबलमध्ये याहून अडचणीचं पान शोधून सापडणार नाही.

अडचणीचं का, ते मयताच्या घरी कळतं. तरुण मुलगा मोटारसायकलवरून गेला आहे, ओटीवर खुर्च्या मांडल्या आहेत, आत बायकांची रोझरी चालू आहे आणि फादर आले म्हणून सगळे उठून जागा करून देतात. आता फादरनी काही बोलावं अशी अपेक्षा असते. देवाची इच्छा, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, तो आता सुखाच्या ठिकाणी आहे, ही वाक्यं जिभेच्या टोकावर तयारच असतात. त्यातली काही खरीही असतील, पण त्या तीन मित्रांतल्या एलीफजचं म्हणणं तरी कुठे सगळं खोटं होतं? सबंध ईयोब ज्याच्यात मुरला आहे त्याला इतकं तरी समजतं की आपण त्या सात दिवसांतल्या पहिल्या दिवशी येऊन बसलो आहोत आणि अजून बोलायची वेळ झालेली नाही. हा काही प्रवचनाचा मुद्दा नाही. बसायचं कसं आणि किती वेळ, एवढंच त्यातून शिकायला मिळतं. ते कोणत्याही दृष्टांतसंग्रहात मिळत नाही.

साहित्याचंही तसंच. सामान्य काळाच्या पंचविसाव्या रविवारी, चक्राच्या पहिल्या वर्षी, मत्तयातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला येतो. पहाटे लावलेल्यांना आणि दिवस मावळायच्या तासभर आधी लावलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. यावरचं ठरलेलं प्रवचन म्हणजे देवाची कृपा हिशेबी नसते, उशिरा आलेल्यालाही ती पूर्ण मिळते. बरोबर आहे, आणि या बरोबरपणात मजूर कुठच्या कुठे नाहीसे होतात. बाबूराव बागुलांच्या कथा, नारायण सुर्व्यांच्या कविता, ‘बलुतं’ हे ज्याने वाचलं आहे, त्याचा डोळा दाखल्यातल्या वेगळ्याच वाक्यावर अडतो. इथे दिवसभर रिकामे का उभे आहात, असं मालक विचारतो आणि ते सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. वसई-नालासोपाऱ्याकडे सकाळी नाक्यानाक्यावर गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. मुकादम येतो, धडधाकट पोरं निवडून टेम्पोत घालतो. दहा वाजेपर्यंत नाका पातळ होतो. त्यानंतर जे उरतात ते कोण? म्हातारे, हाताला दुखापत झालेले, ज्यांची जात किंवा भाषा मुकादमाला चालत नाही असे. संध्याकाळी पाचपर्यंत उभा राहिलेला माणूस आळशी नसतो. आळशी असता तर केव्हाच घरी गेला असता. बागुल किंवा सुर्वे प्रवचनात उद्धृत करावेत असं मी म्हणत नाही, ती हौस वेगळीच, आणि तिने साहित्याचंही नुकसान होतं. मी म्हणतो ते एवढंच की त्यांना वाचलेला माणूस शुभवर्तमान वाचताना वेगळ्या ठिकाणी थांबतो. कदाचित सांगेल तो कृपेबद्दलच, पण ती कृपा नाक्यावरून आलेली असेल.

‘स्मृतिचित्रे’ हे तर मी प्रत्येक सेमिनरीत वाचायला ठेवावं असं म्हणेन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या आमच्या कहाण्या सहसा जिथे संपतात तो हा क्षण: माणसाला सत्य सापडलं, त्याने त्याग केला, आनंद झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती कहाणी दुसऱ्या बाजूने, ज्यांना मागे टाकलं गेलं त्यांच्या बाजूने सांगितली. नवऱ्याच्या साक्षात्काराची किंमत बायकोने काय मोजली, विटाळ आणि सोवळं यांतून ती स्वतःच्या पायांनी कशी बाहेर आली, आणि पाच वर्षांनी तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो नवऱ्याचं ऐकून की स्वतःच्या बुद्धीने, हे सगळं त्या पुस्तकात आहे. तेही अशा मिस्कील, बिनतक्रारीच्या भाषेत की वाचणाऱ्याला रडावं की हसावं समजत नाही. विवाहपूर्व शिबिरात नवराबायकोच्या एकमनाबद्दल आम्ही तासतास बोलतो. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या घरात वादळासारखी शिरू शकते, हे त्या शिबिरात कुणी सांगत नाही. पुढे दहा वर्षांनी एखादी बाई येऊन सांगते की नवरा प्रार्थनासभांच्या मागे लागून घराकडे बघेनासा झाला आहे. त्याची भक्ती वाढली हे चांगलंच, असं तिला तोंडावर सांगणारा धर्मगुरू निव्वळ चूक नसतो, त्याने लक्ष्मीबाई वाचलेल्या नसतात इतकंच.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप लोकांचाच: आम्ही धर्मगुरूकडे येतो ते खात्रीचं काही ऐकायला. त्याने आमच्याइतकंच गोंधळायचं असेल तर त्याच्या झग्याचा उपयोग काय? याला माझं उत्तर असं की खात्री जिथे द्यायची तिथे आम्ही ती देतोच. पापक्षमेचे शब्द ठरलेले आहेत, ते कुणी मनाने रचत नाही, आणि कुमसाराला आलेल्या माणसाने क्षमा झाली की नाही अशी शंका घेऊन परत जायचं नसतं. प्रश्न त्या शब्दांच्या आधीचा आहे. तो माणूस काय सांगतो आहे हे ऐकून न घेता दिलेला उपदेश म्हणजे खात्री नव्हे, घाई आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लाजरसाच्या कबरीपाशी काय घडतं पाहा. येशूजवळ उत्तर होतं, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे असं तो मार्थेला सांगूनही चुकला होता, काही क्षणांत लाजरस उठणार हेही त्याला माहीत होतं. तरी मरीयेला रडताना पाहून तो रडला. उत्तर हाती असणाऱ्यालाही रडण्याची मुभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो मी पूर्णपणे परतवू शकत नाही. साऱ्या धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते कोण, तर आर्सचे संत जॉन मारी व्हियानी. १७८६ ते १८५९ हा त्यांचा काळ. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना म्हणून त्यांना सेमिनरीतून काढण्यात आलं होतं, दीक्षाही मोठ्या मुश्किलीने मिळाली. आणि त्याच माणसाकडे कुमसारासाठी फ्रान्सभरातून रांगा लागत. ना कादंबऱ्या, ना कविता. मग वाचन हवं कशाला? मान्य आहे, ऐकण्याचा गुण पुस्तकांशिवायही येतो. आमच्या कित्येक आज्या निरक्षर होत्या आणि गावाचं दुःख त्यांच्या पडवीत येऊन मोकळं होत असे. पण व्हियानींचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं. ते दिवसाचे कितीतरी तास कुमसाराच्या खोक्यात बसून असत. माणसांच्या तोंडून त्यांनी जे ऐकलं, तेवढं कुठल्याही ग्रंथालयात नसेल. तितका वेळ जो बसतो त्याने पुस्तक नाही उघडलं तरी चालेल. पुस्तकही नाही आणि खोक्यातही घड्याळाकडे लक्ष, अशा माणसाने संतांच्या अडाणीपणाचा आधार घेऊ नये.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि आम्हा कोकणकिनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना तो टाळता येत नाही. वाचनाने माणूस मऊ होतो म्हणता, तर गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडता, ज्या धर्मन्यायालयाने माणसांना छळलं, ते चालवणारे अडाणी होते का? ते चांगले शिकलेले होते, धर्मशास्त्र त्यांना मुखोद्गत होतं. हे खरं आहे. पण त्याच गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट आला आणि साष्टीत त्याने आयुष्य काढलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या हातून जुनी पुराणं गेली होती आणि त्यांच्या जागी मनाला रमवील असं काही त्यांना मिळालेलं नव्हतं. ही उणीव त्याच्या कानावर पडली. तिचं उत्तर म्हणून त्याला एखादी प्रश्नोत्तरी छापून मोकळं होता आलं असतं. त्याने आधी मराठी ओवी मुरवली, इथली पुराणं कशी बोलतात ते ऐकलं, आणि १६१६ साली राशोलला अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. त्याच्याही ग्रंथात परधर्मावर टीका आहे, तो काही आजच्या अर्थाने उदार नव्हता. फरक वाचण्याच्या पद्धतीत आहे. धर्मन्यायालयातले विद्वान दुसऱ्याची पुस्तकं वाचत ती आरोप सिद्ध करायला, म्हणजे उत्तर आधी आणि वाचन नंतर. स्टीफन्सला त्या पुस्तकांतून शिकायचं होतं. तेव्हा हा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही असं मला वाटतं. वाचनाने माणूस चांगला होतो असा माझा दावा मुळातच नाही. उत्तर पक्कं करून वाचणारा माणूस कितीही वाचून तसाच राहतो, हे गोव्याने दाखवलं.

वेळ नसतो, ही तक्रार मी फार मनावर घेत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणलं, आणि वसईची हिरवाई बिल्डरांच्या तावडीतून वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीत ते रस्त्यावर होते. बिशप थॉमस डाबरे यांचा तुकारामांच्या ईश्वरानुभवावरचा प्रबंध वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप होण्याच्या कितीतरी आधीचा. वाचणारा धर्मगुरू कामचुकार असतो हा समज वसईत तरी टिकायला नको. साहित्य वाचून श्रद्धा डळमळते, या भीतीलाही आता वरून उत्तर मिळालेलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्याच्या महत्त्वावर एक पत्र काढलं. आधी ते फक्त धर्मगुरूंच्या घडणीबद्दल लिहायचं होतं, मग सगळ्यांसाठी केलं. तरुणपणी सांता फे इथल्या शाळेत ते साहित्य शिकवत, तेव्हाची आठवण त्यात आहे: अभ्यासक्रमात जुनं स्पॅनिश वीरकाव्य नेमलेलं, पोरांना हवा होता लोर्का. त्यांनी वीरकाव्य घरी वाचायला सांगितलं आणि वर्गात पोरांना आवडतील ते लेखक घेतले. ज्याला पुढे पोप व्हायचं होतं त्याची श्रद्धा लोर्काने डळमळली नाही, तर आमची डळमळण्याइतकी नाजूक का असावी?

एक व्यावहारिक अडचण मात्र खरीच उरते. असं वाचणाऱ्याचं प्रवचन हळूहळू बदलतं. ते आखूड होतं, त्यातले तीन मुद्दे गळून एक राहतो, कधी तोही प्रश्नाच्या स्वरूपात. मग चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी म्हणतं, फादर, आज काय करायचं ते नीट सांगितलं नाही. या तक्रारीवर उपाय म्हणून लोकांच्या हातीही सबंध पुस्तकं द्यायला हवीत, तुकडे नकोत. प्रायश्चित्तकाळात दरवर्षी रिट्रीट होते, बाहेरून प्रवचनकार येतात, तीन संध्याकाळी चर्च भरतं. त्यातली एक संध्याकाळ प्रवचनकाराशिवाय काढावी आणि ईयोब पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, असं मला सुचवायचं आहे. दोनअडीच तासांत तो संपतो. मित्रांची भाषणं धर्मगुरूंनी वाचावीत, ते आम्हाला जमेल. ईयोबाचं बोलणं धर्मग्रामातल्या ज्यांच्या घरी त्या वर्षी मयत झालं असेल आणि ज्यांची वाचायची इच्छा असेल, त्यांच्याकडे द्यावं. मधेच काही लोक उठून जातील. तीन मित्र दमल्यावर एलीहू नावाचा एक तरुण उभा राहतो आणि सलग सहा अध्याय बोलतो. तिथे जे उठतील त्यांना दोष देता येणार नाही.